पहिल्या हाकेला

मुलुंड पूर्वेच्या म्हाडा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, धुरींच्या घरात माणसं राहत होती दोन आणि मशीन मोजत होतं तीन.

मशीन म्हणजे दशरथ धुरींच्या कानातलं, दोन्ही कानांना एकेक. घाटकोपरच्या एका दवाखान्याने ते पंधरा दिवस वापरून बघायला दिलं होतं. जुनं मशीन सगळंच सरसकट मोठं करायचं. हे तसं नव्हतं. पंखा, कुकर, खालच्या रिक्षा यांना बाजूला सारून ते माणसाचा आवाज तेवढा उचलायचं. घरात पुन्हा पुन्हा ऐकू येणारे आवाज ओळखायला शिकायचं आणि त्यांची यादी मुलीच्या फोनमध्ये टाकायचं. पहिला आवाज खुद्द दशरथांचा, दुसरा त्यांची मुलगी अपूर्वा हिचा. बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी चहा पिता पिता अपूर्वाने फोन उघडला तर यादीत आणखी एक ओळ आलेली होती. तिसरा आवाज. नाव द्या.

आता घरात कामाला बाई येत नव्हती, शेजारीपाजारी दारातूनच बोलून जात. अपूर्वाने सरळ दवाखान्यातल्या जया मॅडमना फोन लावला.

“मॅडम, हे टीव्हीतल्या बाईला धरतंय का?”

“नाही हो. स्पीकरमधून आलेला आवाज त्याला कळतो, तो यादीत घेतच नाही,” जया म्हणाली. “एखादा पाहुणा आला तर त्याचाही घेत नाही. निदान दहा वेळा ऐकला की मगच नंबर देतं. त्या ओळीवर बोट ठेवा ना, वेळ दिसेल.”

अपूर्वाने बोट ठेवलं. दहा नोंदी. दहाही दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांच्या. प्रत्येक आवाज एक सेकंदाचा. दिशा समोर, अंतर बारा फूट. पहिला दिवस दशरथांनी रुसून मशीन डबीतच ठेवलं होतं, म्हणजे लावल्यापासून एकही दुपार चुकलेली नव्हती. त्यांच्या खुर्चीपासून समोर बारा फुटांवर स्वयंपाकघराचं दार होतं.

“चुकून आवाज तयार करत नसेल ना ते?” तिने विचारलं.

“नसलेला कुठून आणणार? असलेला मोठा करतं फक्त,” जया म्हणाली आणि हसली. “तुम्ही भुतांच्या गोष्टी लिहिता ना? तुमच्याच घरी हे असं व्हायचं!”

ते मात्र खरं होतं. अपूर्वा आठवड्याचे चार दिवस गोरेगावच्या एका स्टुडिओत परभाषेतल्या मालिकांचे मराठी संवाद लिहायची. पडद्यावरचे ओठ मिटले की तिथे प, ब, म यांतलं काहीतरी यायलाच हवं, आणि उघडे असताना येता कामा नये. या एका नियमापायी तिने भल्याभल्या नायकांच्या तोंडी काय काय घातलं होतं ते न सांगितलेलंच बरं. उरलेल्या दिवसांत ती कादंबऱ्या लिहायची. विज्ञानकादंबऱ्या, पण आपल्या भुतांच्या. पहिलीत तिने पिंपळावरच्या मुंजाला बंद पडलेल्या शाळेत रोज हजेरी घेणारं यंत्र केलं. पोरं कधीच सोडून गेली, तरी ते नावं पुकारत राहतं. दुसरीत पाण्यातल्या गिऱ्हाला धरणाखाली अडकलेला, भाषा विसरत चाललेला जीव केला. वाचकांची पत्रं यायची की रडू आलं. तिचा प्रकाशक विद्याधर कपाळाला हात लावायचा. “अपूर्वा, यार, भूत आहे ना ते? घाबरव ना कोणाला तरी!” म्हणायचा.

तिसरी कादंबरी हाकामारीची. जुन्या लोकांना ही बाई माहीत आहे. दाराबाहेरून ती आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते आणि जो ओ देतो तो मरतो. तिला हाक एकदाच मारता येते, म्हणून कोकणातल्या कित्येक घरांत अजून पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरी येऊ देतात. माणूस असेल तर पुन्हा मारेलच. अपूर्वाने हे सगळं उचलून शनीच्या एका बर्फाळ चंद्रावर नेलं होतं. तिथल्या खाणीत सिंधुदुर्गातून गेलेले कामगार आणि बर्फाच्या पोटात काहीतरी, जे मेलेल्या माणसाची शेवटची हाक घेऊन दारोदार येतं. कादंबरी झकास चालली होती. फक्त शेवट अडला होता. नायिका बंद दारापाशी उभी, बाहेरून हाक आलेली. विद्याधर म्हणत होता, ओ देऊ दे आणि मरू दे, लोकांची झोप उडाली पाहिजे. दहा आठवडे झाले, अपूर्वाकडून ते दार ना उघडत होतं ना बंद होत होतं.

त्याचं कारण तिला माहीत होतं. ते तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी तिची आई सुलक्षणा स्वयंपाकघरात होती. अपूर्वा आतल्या खोलीत दार लावून गिऱ्हाचं शेवटचं पान लिहीत बसली होती. बाबा बाहेर खुर्चीत डोळे मिटून. ते एकेकाळी परळच्या गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते आणि साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले. जेवणानंतर ते मशीन काढून ठेवायचे, तेव्हा त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तीन चाळीसला हाक आली. “अपू.”

एकच.

अपूर्वाच्या लहानपणी बाहेरून कोणी हाक मारली की आईच तिच्या तोंडावर हात दाबायची. “थांब. दुसरी येवंदे.” स्वतः आई कायम तीनदा हाक मारायची, “अपू, अपू, अपू गो!”, आपण माणूस आहोत हे पोरीला कळावं म्हणून. त्या दिवशी दुसरी आलीच नाही. अपूर्वा दुसरीची वाट बघत लिहीत राहिली. खरं सांगायचं तर अर्धा नियम होता आणि अर्धं वाक्य सोडून उठणं जिवावर आलं होतं. चार वाजले तरी चहाचा वास येईना, तेव्हा ती उठली. वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर म्हणाले, झटका एवढा मोठा होता की पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. डॉक्टरांना हाकेबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं.

दिवसकार्य झालं आणि दशरथांनी आपलं मशीन कपाटात टाकून दिलं. अपूर्वाने किती विनवलं, पण छे. त्यामुळे गेली तीन वर्षं या घरात आवाज कमी आणि ओठच जास्त चालायचे. साचेखात्यात कानठळ्या बसायच्या, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचत. दशरथांची ती विद्या अजून शाबूत होती. त्यांच्या लग्नानंतर सुलक्षणाही ती शिकली आणि दहा बाय दहाच्या खोलीत, सासू-सासरे शेजारी झोपलेले असताना, दोघं नवराबायको आवाज न काढता तासन्‌तास भांडायची, असं आईच हसत हसत सांगायची. मार्चमध्ये एक रिक्षा दशरथांच्या अंगाला चाटून गेली तेव्हा मात्र अपूर्वाने ऐकलं नाही. धरूनच त्यांना घाटकोपरला नेलं.

त्या शनिवारी ती दुपारी आतल्या खोलीत गेली नाही. बाहेरच कोचावर मासिक उघडून बसली. साडेतीनला दशरथांनी टीव्ही बंद केला. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून डोळ्यांवर चढवला, कारण चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा धड दिसत नसे. खुर्ची जराशी वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे केली. तीन अडतीसला त्यांचं बोट कानामागे गेलं आणि अपूर्वाच्या हातातल्या फोनमध्ये आवाजाची पट्टी सरकत सरकत शेवटच्या टोकाला जाऊन टेकली.

तिच्या मनात पाल चुकचुकली. यांना माहीत आहे.

पंखा फिरत होता. खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती आणि खाली कोणीतरी मिक्सर लावला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर दुपारचं ऊन पडलेलं, पालथी घातलेली भांडी, मसाल्याचे डबे. तीन चाळीस झाले. अपूर्वाने जिवाचा कान केला आणि तिला काहीही ऐकू आलं नाही. पण बाबांची मान एकदम ताठ झाली, आणि त्याच क्षणी फोनमध्ये नवी ओळ उमटली. तिसरा आवाज. एक सेकंद. समोर, बारा फूट.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. बाबा हलले नाहीत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, दारावर नजर लावून ते चारपर्यंत तसेच बसून राहिले. चार वाजता त्यांनी आवाज कमी केला आणि मान खाली घातली. वीस मिनिटं. ही वीस मिनिटं अपूर्वाला चांगली ओळखीची होती.

ती त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून नुसते ओठ हलवले. कोण?

“तुझी आवस,” दशरथ म्हणाले. शेजारच्या बाईचं नाव सांगावं तसं सांगितलं.

“कधीपासून?”

“मशीन घातलंय तेव्हापासून. आधी पण येत असतली, माका खय आयकाक येता?” त्यांनी दाराकडे बघितलं. “एकच हाक मारता. दुसरी मारणा नाय.”

“मग तुम्ही ओ का देत नाही?”

ही आपलीच मुलगी ना, अशा नजरेने दशरथांनी तिच्याकडे पाहिलं. “पयल्या हाकेक?”

अपूर्वाला हसावं की रडावं कळेना. मेलेली बायको रोज घरात येते याचं या माणसाला नवल नव्हतं, पण नियम मोडायची त्यांची तयारी नव्हती. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “ओ दिल्यावर माणूस मरता, ह्या तू लिवलंस. खरा मा ता?”

अपूर्वा लिहील ते प्रकरण मोठ्या अक्षरांत छापून आधी बाबांना वाचायला द्यायची. गिरणीतल्या वाचनालयाच्या पुस्तकांचा फडशा पाडलेला हा तिचा पहिला वाचक. पण तो इतकं मनावर घेऊन वाचत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“ती गोष्ट आहे, बाबा. बनवलेली.”

“तुझ्या गोष्टीतला सगळा खरा असता. मुंज्याचा वाचून मी रडलंय.” त्यांनी मान हलवली. “शेवटचो भाग लिवन होवंदे. तो वाचतंय आणि मगे ठरवतंय.”

“काय ठरवताय?”

“ओ देवची काय नाय ता.”

“आणि काही झालं म्हणजे?”

“झाला तर झाला. तीन वर्सा ती थय उभी आसा गो. कोणीतरी जावक नको?”

अपूर्वाची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं भुतांना यंत्रं आणि जीवजंतू करून वाचकांसमोर मांडणारी ही बाई, पण त्या संध्याकाळी तिचं सगळं विज्ञान कुठच्या कुठे पळून गेलं. तिने काय लिहिलं त्यावर बाबा जगणार की नाही हे ठरणार होतं. नायिकेला मारलं तर बाबा ओ देतील आणि मरायचं म्हणूनच देतील. शहात्तराव्या वर्षी मरायला माणसाला नुसतं ठरवणंही पुरतं. नायिकेने ओ दिलीच नाही असं लिहिलं, तर बाबा उरलेलं आयुष्य त्या दाराकडे बघत काढतील. मशीन बुधवारी परत करायचं होतं. म्हणजे मंगळवार शेवटचा.

ती लिहायला बसली आणि एक शब्द होईना. दारात उभ्या राहिलेल्या नायिकेच्या मनात काय आहे हे लिहायचं, तर आधी स्वतःच्या मनातलं काढावं लागत होतं.

रविवारी सकाळी दशरथ वर्तमानपत्र पसरून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसले होते. अपूर्वा समोर मांडी घालून बसली. आवाज काढून सांगणं तिला शक्यच नव्हतं. तिने ओठांनी सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आईची हाक मी ऐकली होती. मी उठले नाही. दुसरीची वाट बघत बसले.

दशरथांचा हात सोड्यांवरच थांबला. बराच वेळ ते तिच्या ओठांकडेच बघत होते, अजून काही यायचं आहे असं. मग म्हणाले, “मशीन कानात होता.”

“काय?”

“त्या दिवशी. काढूक विसरलंय. कानात होता आणि मी पण आयकलंय.” त्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं. “डोळे मिटून बसलंय. म्हटला, दुसरी मारीत. मारुक नाय. म्हटला, मगे काय काम नसात. आणि झोपलंय गो मी. झोपलंय.”

अपूर्वाला आता कळलं ते मशीन कपाटात का गेलं. तीन वर्षं दोघंही एकाच घरात मूग गिळून बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला ठाऊक नाही. तिने त्यांचा सोड्यांचा वास येणारा हात धरला. दोघांनीही रडून घेतलं. एकमेकांदेखत पहिल्यांदाच.

डोळे पुसून दशरथ म्हणाले, “माका म्हणाली, अवो.”

“नाही बाबा. मला म्हणाली, अपू.”

हाक तर एकच होती. सुलक्षणाने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्यांना ती अवो म्हणायची. लेकीला अपू. धाप लागलेल्या आवाजात, बंद दारातून किंवा झोपेच्या गुंगीत दोन्ही सारखंच ऐकू येणार.

“ओठ दिसले असते तर कळलं असतं,” अपूर्वा म्हणाली. “आमच्या कामात हेच असतं. अपू म्हणताना ‘प’ला ओठ मिटतात. अवो म्हणताना मिटत नाहीत, नुसते जवळ येतात.”

“म्हणान तर बघत बसतंय दाराकडे,” दशरथ म्हणाले. “आवाज येता, पण ती दिसणा नाय. कोणाक मारल्यान ता तरी कळूक होया.”

सोमवारी अपूर्वाने स्टुडिओत बरं नसल्याचं कळवलं आणि शेवट लिहिला. तो तिने असा लिहिला. बर्फातला तो जीव लहरींवर जगतो. मरणाऱ्या माणसाने मारलेली आणि कोणी न ऐकलेली हाक त्याच्या पोटात जाते, पण त्याला ती पचत नाही. हाक ज्याची त्यालाच द्यावी लागते, आणि कोणाची ते त्याला कळत नाही, म्हणून बिचारा दारोदार फिरतो. ओ दिल्याने आजवर कोणी मेलं नव्हतं. मेले ते घाबरून बिनहवेच्या बोगद्यात पळालेले. नायिका दार न उघडताच आतून ओ म्हणते. बाहेरचा जीव हाक उंबऱ्याशी उतरवून ठेवतो आणि हलका होऊन बर्फात निघून जातो. हे खरं वाटलं म्हणून लिहिलं की बाबा जगावेत म्हणून, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. विद्याधर बोंब मारणार हे नक्की होतं. मारू दे.

मंगळवारी जेवण झाल्यावर दशरथांनी ती पानं हातात घेतली. एकेक पान वाचून शेजारच्या स्टुलावर पालथं घालत गेले. तीनला वाचून झालं. त्यांनी चष्मा काढला, नीट मिटून पानांवर ठेवला, आणि डोळे चोळत म्हणाले, “बरा लिवलंस.” मग डाव्या कानातलं तसंच ठेवून उजव्या कानातलं मशीन काढलं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. “ह्या तू घाल.”

मशीन तिच्या कानाला सैल होत होतं, म्हणून तिने ते बोटाने दाबून धरलं. दशरथांनी खुर्ची वळवली. तिने तिची खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली आणि फोनवरची पट्टी शेवटपर्यंत सरकवली.

पंखा नाहीसा झाला. कबुतरं गेली, रस्ता गेला. इतकी शांतता तिने या घरात कधीच ऐकली नव्हती. त्या शांततेत फक्त बाबांचा श्वास होता, आत जाताना किंचित शिटी वाजणारा. समोर उघडं दार, ओट्यावरचं ऊन. तीन एकोणचाळीस. परत जावं, आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावं असं तिला फार वाटलं.

आणि हाक आली.

आईचाच आवाज. कामात असताना, पदराला हात पुसत मारावी तशी. त्यात दुखणं नव्हतं, रागही नव्हता. अ आला, मग मध्ये काहीतरी, मग लांबलेला स्वर, आणि संपली. मधलं अक्षर कोणतं ते कळलं नाही. ओळखीचा तो आवाज अगदी जवळ होता.

तिचं तोंड आपोआप मिटलं. थांब, दुसरी येवंदे. चाळीस वर्षांची सवय. शेजारी बाबांच्या श्वासाची शिटी थांबली होती. ते बोलायला तोंड उघडतायत हे तिच्या लक्षात आलं, आणि ते तिला त्यांना एकट्याने बोलू द्यायचं नव्हतं.

“ओ!” ती ओरडली. “ओ, आई!”

“ओऽ गे!” दशरथही त्याच क्षणी म्हणाले.

कोण आधी म्हणालं ते सांगता येणार नाही. काही पडलं नाही, दार वाजलं नाही. अपूर्वा डोळे गच्च मिटून नुसता बाबांचा श्वास ऐकत होती. बाहेर. पुन्हा आत, शिटीसकट. पुन्हा बाहेर. तिने दहा मोजले, वीस मोजले. बाबा होते.

“बाबा?”

“गप ऱ्हव.” दशरथ पुढे वाकून दाराकडे बघत होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “दिसली.”

“कोण? आई?”

“ओठ दिसले.” त्यांनी तिच्याकडे वळून तिचं मनगट धरलं. “ओठ मिटाक नाय, अपू. अवो म्हणाली. माका मारल्यान हाक. तुका नाय मारल्यान, कळला? त्या दिवशी पण माकाच मारल्यान. तुझो त्यात काय संबंध नाय.”

अपूर्वाने दाराकडे पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर, आत ओटा, पालथी भांडी. मग तिची नजर शेजारच्या स्टुलावर गेली. चष्मा पानांवर तसाच मिटून ठेवलेला होता.

काय म्हणणार होती? बाबा, तुम्हाला बारा फुटांवरचं कॅलेंडर दिसत नाही, ओठ कसे दिसले? हा माणूस तिच्याशी जन्मात खोटं बोलला नव्हता. तिचीच विद्या वापरून त्यांनी तिचा सगळा भार स्वतःकडे ओढून घेतला होता, आणि तिला तो परत घ्यावासा वाटत होता, पण ते इतक्या आशेने तिच्याकडे बघत होते की तिला ते जमलं नाही. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मान डोलावली.

“चहा टाकते,” ती म्हणाली.

त्या वेळेला त्या दारातून ती तीन वर्षांत गेली नव्हती. उंबऱ्यावर तिचा पाय जरा अडखळला, मग ती आत गेली. ओटा उन्हाने तापला होता. तिने पातेलं सरळ केलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. चहाचा डबा उघडत होती तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“अपू.”

एकच.

“ओ, बाबा!” ती म्हणाली.